संगणकाची नवी प्रणाली आणि शेतकऱ्याची पूर्वतयारी

मृगाचा पाऊस पडण्यापूर्वी मावळातील शेतकरी आपली अवजारे बाहेर काढतो. नांगराचा फाळ झिजला असेल तर तो लोहाराकडून शेवटून आणतो, जू व दोर तपासतो, कोयत्या-विळ्यांना धार लावून ठेवतो. पावसाने जोर धरल्यावर लोहाराच्या भात्यापुढे बसून राहणे परवडत नाही, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत ह्या अवजारांत आणखी एका अवजाराची भर पडली आहे. ते म्हणजे संगणक, आणि त्याचेच धाकटे रूप असलेला मोबाइल फोन. सातबाराचा उतारा, पिकाची नोंद, योजनांचे अर्ज, दूध संकलनाचा हिशेब, सोसायटीचे कर्जखाते ही सर्व कामे आता ह्याच अवजाराने होतात. परंतु त्याची डागडुजी हंगामापूर्वी करून घेण्याची सवय आपल्याला अद्याप लागलेली नाही. विशेषतः संगणकाची प्रणाली बदलते तेव्हा अनेकांची तारांबळ उडते आणि नेमकी गरजेच्या वेळी कामे अडतात. ही अडचण का येते व ती कशी टाळता येईल, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

वराळे येथील एक प्रश्न

मावळ तालुक्यातील वराळे हे गाव तळेगाव दाभाड्याच्या शेजारी, इंद्रायणीच्या खोऱ्यात वसलेले आहे. भात हे इकडचे खरिपाचे मुख्य पीक. जवळच तळेगावची औद्योगिक वसाहत असून गावात अभियांत्रिकी महाविद्यालयही आहे. म्हणजे एका अंगास भातखाचरे आणि दुसऱ्या अंगास संगणकशास्त्र शिकणारी तरुण मुले, अशी ह्या गावची परिस्थिती आहे.

येथील एका बैठकीत भाताच्या बियाण्याविषयी बोलणे संपल्यावर एका वृद्ध शेतकऱ्यांनी प्रश्न विचारला. ते म्हणाले, "साहेब, नातवानं मागल्या साली संगणकावर सातबारा काढायला शिकवलं. कुठली खूण दाबायची ते वहीत लिहून घेतलं. आता त्यानं नवी प्रणाली घातली, अन् खूणच जागेवर नाही. शिकलेलं पुन्हा किती वेळा शिकायचं?"

बैठकीतील मंडळी हसली. परंतु प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. बाबांनी आपली वही पुढे केली. तीत सुवाच्य अक्षरांत लिहिले होते : 'खाली डाव्या कोपऱ्यात दाबणे. मग वरून तिसरे. मग उजवीकडचे निळे.' ज्या दिवशी हे लिहिले त्या दिवशी ते अगदी बिनचूक होते. मात्र त्या वहीत जागा लिहिल्या होत्या, कामे लिहिली नव्हती. जागा बदलल्या आणि वही निरुपयोगी झाली. आपल्यापैकी पुष्कळांचे संगणकाचे ज्ञान ह्या वहीसारखेच असते. वहीत काय लिहावे एवढे कळले, तर शिकलेले फुकट जात नाही.

प्रणाली म्हणजे काय?

संगणकाचे यंत्र आणि आपण वापरतो ते कार्यक्रम ह्यांच्यामध्ये उभी असलेली व्यवस्था म्हणजे प्रणाली. कालव्यावरील पाटकऱ्याशी तिची तुलना करता येईल. पाणी कोणाला, केव्हा व किती वेळ द्यावयाचे, कोणाच्या बांधावरून कोणी जावयाचे नाही, हे पाटकरी पाहतो. त्याचप्रमाणे यंत्राची शक्ती, साठवणीची जागा, छपाईयंत्र, कळफलक ह्यांचा वापर कोणत्या कार्यक्रमाने केव्हा करावा, हे प्रणाली ठरविते. टेबलावरील बहुसंख्य संगणकांत विंडोज, तर बहुसंख्य मोबाइल फोनमध्ये अँड्रॉइड ही प्रणाली असते. लिनक्स नावाची, विनामूल्य मिळणारी प्रणालीही अनेक ठिकाणी वापरली जाते.

पाटकरी बदलला म्हणून शेत बदलत नाही आणि पिकाची तहानही बदलत नाही. बदलते ती त्याच्याशी बोलण्याची रीत. ही गोष्ट ध्यानात घेतली, तर प्रणाली बदलल्यावर सर्वच नव्याने शिकावे लागेल, ही भीती बरीच कमी होते.

एका खुणेचा प्रवास

वराळ्याच्या बाबांची जी खूण हरवली होती, तिचा इतिहास उद्‌बोधक आहे. 1995 साली आलेल्या विंडोज 95 ह्या प्रणालीने पडद्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात 'स्टार्ट' ही कळ बसविली. पुढे 2001 ची एक्सपी आणि 2009 ची विंडोज 7 ह्यांतही ती तेथेच राहिली. महाराष्ट्रात एम.एस.सी.आय.टी. हा संगणक साक्षरतेचा अभ्यासक्रम सुरू झाला. त्यातून खेड्यापाड्यांतील लक्षावधी स्त्री-पुरुषांनी पहिला धडा घेतला, आणि संगणकाचे काम डाव्या कोपऱ्यातून सुरू करावयाचे हे अनेकांच्या हातात बसले. 2012 साली विंडोज 8 आली आणि ती कळ काढून टाकण्यात आली. लोकांची इतकी गैरसोय झाली की, 2013 मध्ये कळ परत आणावी लागली आणि 2015 च्या विंडोज 10 मध्ये तिच्यामागची यादीही परतली. 2021 साली आलेल्या विंडोज 11 मध्ये हीच कळ कोपरा सोडून खालच्या पट्टीच्या मध्यभागी आली. सेटिंग्जमध्ये जाऊन ती पुन्हा डावीकडे नेता येते, ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते.

ह्या सर्व काळात काही गोष्टी मात्र बदलल्या नाहीत. कंट्रोल व सी ह्या कळा एकदम दाबल्या की निवडलेल्या मजकुराची प्रत घेतली जाते. कंट्रोल व व्ही दाबले की ती उतरते. कंट्रोल व एस ने लिहिलेले जतन होते. कंट्रोल व पी ने छपाई होते. कंट्रोल व झेड ने नुकतीच झालेली चूक मागे घेता येते. विंडोजच्या जुन्या आवृत्तीत, नव्या आवृत्तीत आणि लिनक्सवरील बहुतेक कार्यक्रमांतही ह्या कळा चालतात. तेव्हा जे वारंवार बदलते ते पाठ करण्यापेक्षा, जे टिकते ते हातात बसविणे अधिक हितावह होय.

भातलागवडीचा धडा

ही गोष्ट मावळच्या शेतकऱ्याला वेगळी समजावून सांगण्याची आवश्यकता नाही, कारण भातशेतीत त्याने ती अनुभवलेली आहे. 1953 साली आपल्या देशात भातलागवडीच्या जपानी पद्धतीची मोहीम सुरू झाली. निवडक बियाणे, गादीवाफ्यावर तयार केलेली रोपे, ओळीत लावणी, कोळपणी आणि खतांची योग्य मात्रा ही तिची मुख्य अंगे होती. राब भाजून रोपे तयार करण्याची व हाताला येईल तशी लावणी करण्याची रीत ज्यांच्या अंगवळणी पडली होती, त्यांना दोरी धरून लावणी करणे हे उगाच वाढविलेले काम वाटणे स्वाभाविक होते.

पुढे वाण बदलले. आंबेमोहर 157 आणि आय.आर. 8 ह्यांच्या संकरातून तयार झालेला इंद्रायणी हा वाण 1987 मध्ये वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून प्रसारित झाला आणि मावळची ओळखच बनला. त्यानंतर डॉ. नारायण सावंत ह्यांनी विकसित केलेली चारसूत्री पद्धत आली. भाताच्या अवशेषांचा फेरवापर, गिरिपुष्पाच्या पाल्याचे खत, नियंत्रित लावणी आणि युरिया-डीएपीच्या गोळ्या ही तिची चार सूत्रे आहेत. ह्या पद्धतीत दोरीवर 25 व 15 सेंटिमीटर अंतराच्या खुणा आळीपाळीने केलेल्या असतात.

ज्याने केवळ 'साहेबांनी सांगितले म्हणून' दोरी धरली, त्याला नवी दोरी म्हणजे नवे संकट वाटते. उलट, ओळीत लावणी केल्याने रोपाला उजेड व हवा मिळते, कोळपे फिरविता येते आणि खत नेमके मुळाशी देता येते, हे कारण ज्याने समजून घेतले त्याला खुणांचे अंतर बदलले तरी अवघड वाटत नाही. संगणकाचेही असेच आहे. 'तिसरी खूण दाबणे' ही दोरी झाली. 'लिहिलेले जतन करून त्याची प्रत दुसरीकडे ठेवणे' हे कारण झाले. दोरी बदलेल, कारण बदलणार नाही.

वारणेचा अनुभव

आपल्या राज्यात ह्याचे मोठे उदाहरण वारणा खोऱ्यात घडले आहे. 1998 मध्ये कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील वारणानगरच्या परिसरातील 70 गावांसाठी 'वायर्ड व्हिलेज' हा प्रकल्प हाती घेण्यात आला. गावोगावी संगणक केंद्रे उघडून ती सहकारी साखर कारखान्याच्या कार्यालयाशी जोडण्यात आली. शेतीविषयी विविध प्रकारची माहिती ह्या केंद्रांतून मिळावी, अशी मूळ कल्पना होती. प्रत्यक्षात शेतकऱ्यांना त्या केंद्राचा उपयोग प्रामुख्याने आपल्या उसाच्या कामासाठी झाला : ऊस किती भरला, तोडणीची परवानगी केव्हा, खात्यावर खत किती उचलले.

काही वर्षांत ते संगणक जुने झाले आणि त्यांची निगा राखणे जड जाऊ लागले. तेव्हा 2006-07 च्या सुमारास बंगळूरच्या मायक्रोसॉफ्ट संशोधन संस्थेने तेथील सात गावांत एक प्रयोग केला. गावातील संगणकाच्या जागी साधा मोबाइल फोन ठेवला आणि हीच माहिती लघुसंदेशाने मिळण्याची सोय केली. ऊस उत्पादकांचे काम त्यावर भागले, आणि संदेश पाठविण्याची रीत शिकणे त्यांना जड गेले नाही. ह्याचे कारण असे की, काय विचारावयाचे हे त्यांना पक्के ठाऊक होते. यंत्र बदलले, प्रणाली बदलली, इतकेच नव्हे तर पडदाही तळहाताएवढा झाला. प्रश्न तेच राहिले. आपल्याला संगणकाकडून कोणते काम करून घ्यावयाचे आहे हे ज्याला माहीत आहे, तो नव्या यंत्रापुढे फार काळ अडून बसत नाही.

जुन्या नोंदींचा प्रश्न

आतापर्यंत सवयीचा विचार झाला. परंतु प्रणाली बदलताना केवळ सवयच मोडते असे नाही. निष्काळजीपणा झाला तर नोंदीही गमावतात. मराठी भाषकांना हा धोका इतरांपेक्षा अधिक आहे, आणि त्याचे कारण समजून घेणे जरूर आहे.

संगणकावर मराठी लिहिण्याची सोय प्रथम निरनिराळ्या संस्थांनी आपापल्या पद्धतीने केली. पुण्याच्या सी-डॅक ह्या संस्थेने ह्या कामी मोठा वाटा उचलला. तथापि त्या काळातील अनेक टंकांमध्ये मराठी अक्षर हे संगणकाच्या दृष्टीने रोमन अक्षरच असे; केवळ त्याला मराठी वळणाचा पोशाख चढविलेला असे. टंक यंत्रात आहे तोवर मजकूर मराठी दिसे. टंक काढला की रोमन अक्षरे व चिन्हे ह्यांची निरर्थक रांग शिल्लक राही. युनिकोड ह्या जागतिक संकेतपद्धतीत मात्र प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा कायमचा क्रमांक आहे. विंडोज 2000 पासून ही सोय प्रणालीतच आली. एक्सपीमध्ये ती वेगळी सुरू करून घ्यावी लागत असे. त्यानंतरच्या आवृत्त्यांत ती मुळातच असते. आज मोबाइलवर आपण जे मराठी लिहितो ते युनिकोडच होय.

काही वर्षांपूर्वी एका गावच्या सहकारी संस्थेत मी ह्याचा परिणाम प्रत्यक्ष पाहिला. संस्थेने जुना संगणक मोडीत काढून नवा घेतला. जुन्या फाइली पेन ड्राइव्हवर घेतल्या होत्या, म्हणून सर्वजण निर्धास्त होते. नव्या यंत्रावर त्या उघडल्या, तेव्हा अकरा वर्षांच्या सभासद नोंदींच्या जागी चिन्हांचे जाळे दिसू लागले. टंकाची तबकडी कोठे गेली ते कोणालाच सांगता येईना. त्याच आठवड्यात एक विधवा भगिनी आपल्या पतीच्या नावावरील भागभांडवलाची चौकशी करण्यास आल्या होत्या. त्या दोन वेळा आल्या आणि दोन्ही वेळा रिकाम्या हाताने परतल्या. अखेरीस माळ्यावरील गठ्ठ्यात कागदावर छापलेली एक जुनी यादी सापडली, आणि तीत त्यांच्या पतीचे नाव व रक्कम मिळाली. कागद वाळवीने खाल्ला असता, तर त्या भगिनीचा हक्क कशाच्या आधाराने सिद्ध झाला असता?

ज्या संस्थांकडे अशा जुन्या टंकांतील फाइली आहेत, त्यांनी जुने यंत्र चालू असतानाच पुढील गोष्टी कराव्यात. प्रथम सर्व महत्त्वाच्या नोंदी कागदावर छापून घ्याव्यात. मग जुन्या टंकातील मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणाऱ्या कार्यक्रमाने त्यांचे रूपांतर करावे. रूपांतरानंतर दोन माणसांनी मिळून, एकाने वाचून व दुसऱ्याने पाहून, मजकूर ताडून घ्यावा. जोडाक्षरे, ऱ्हस्व-दीर्घ आणि विशेषतः आकडे ह्यांत चुका राहतात. ज्यांना नव्याने मराठी टंकलेखन शिकावयाचे आहे, त्यांनी इनस्क्रिप्ट हा कळफलक शिकावा. 1991 च्या भारतीय मानकात त्याचा समावेश आहे आणि विंडोजमध्ये तसेच लिनक्समध्येही तो उपलब्ध आहे. एकदा बोटांत बसला की प्रणाली बदलली तरी तो बदलत नाही.

दुरुस्त्या बंद झाल्या म्हणजे काय होते?

कोणतीही प्रणाली निर्दोष नसते. तिच्यातील उणिवा ध्यानात येतील तशा तयार करणारी कंपनी दुरुस्त्या पाठविते. काही वर्षांनी जुन्या प्रणालीसाठी हे काम थांबते. एक्सपीचे ते 8 एप्रिल 2014 रोजी, विंडोज 7 चे 14 जानेवारी 2020 रोजी आणि विंडोज 10 चे 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबले. विंडोज 10 च्या घरगुती वापरासाठी 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत वाढीव सुरक्षा दुरुस्त्यांची सोय जाहीर करण्यात आली. तिच्यासाठी मात्र वेगळी नोंदणी करावी लागते.

दुरुस्त्या थांबल्या म्हणून यंत्र त्या दिवशी बंद पडत नाही. त्यामुळेच लोक गाफील राहतात. बीजप्रक्रिया न केलेले बियाणेही उगवतेच. रोग आला की मग फरक कळतो. मे 2017 मध्ये 'वॉनाक्राय' नावाच्या घातक कार्यक्रमाने जगभरातील संगणकांतील फाइली कुलूपबंद केल्या व खंडणी मागितली. ज्या उणिवेतून तो शिरला, तिची दुरुस्ती मार्च 2017 मध्येच, म्हणजे दोन महिने आधी, उपलब्ध झालेली होती. ज्यांनी ती करून घेतली नव्हती, त्यांचे नुकसान झाले.

विंडोज 11 साठी किमान 4 जीबी स्मृती, 64 जीबी साठवण आणि टी.पी.एम. 2.0 ही सुरक्षाचकती लागते. त्यामुळे अनेक जुन्या यंत्रांवर ती अधिकृतपणे चढत नाही. अशा वेळी यंत्र लगेच भंगारात काढण्याचे कारण नाही. लिहिणे, वाचणे, छपाई आणि संकेतस्थळे पाहणे एवढेच काम असेल, तर त्यावर लिनक्स चढविता येते. सी-डॅकने तयार केलेली 'बॉस' ही लिनक्स प्रणाली मराठीसह अनेक भारतीय भाषांत चालते. मात्र आपले छपाईयंत्र व आवश्यक कार्यक्रम तिच्यावर चालतात किंवा कसे, हे आधी पाहून घ्यावे.

दूध संकलन केंद्रांनी विशेष दक्षता घ्यावी. तेथे वजनकाटा व फॅट मोजण्याचे यंत्र संगणकाला जोडलेले असते. जुनी जोडणी बहुधा सीरियल पोर्टची असते आणि नव्या संगणकांत ती जागाच नसते. यंत्र पुरविणाऱ्याकडून नव्या प्रणालीवर चालणारी आवृत्ती मिळेपर्यंत जुना संगणक केवळ संकलनासाठी ठेवावा आणि तो इंटरनेटला जोडू नये. पेन ड्राइव्हही दुसरीकडचा लावू नये.

मोबाइलच्या बाबतीतही हाच नियम लागू आहे. 1 जानेवारी 2025 पासून व्हॉट्सॲप हे अँड्रॉइड 5 पेक्षा जुन्या प्रणालीवर चालेनासे झाले. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीच्या ॲपच्याही आवृत्त्या वेळोवेळी बदलल्या आहेत. आपल्या फोनची आवृत्ती कोणती आहे, हे सेटिंग्जमधील 'फोनबद्दल' ह्या भागात पाहता येते. पीक पाहणीची मुदत संपण्याच्या आदल्या दिवशी ॲप उघडत नाही असे आढळून येणे, आणि लावणीच्या दिवशी रोपे मर रोगाने गेली असे आढळून येणे, ह्या सारख्याच आपत्ती होत.

पूर्वतयारीचा क्रम

शेतकरी बंधू-भगिनींनी व गावच्या संस्थांनी पुढील क्रम अनुसरावा.

1. प्रणाली बदलण्याचे काम माघ-फाल्गुनात, म्हणजे भाताची मळणी उरकून रब्बीची धावपळ कमी असताना करावे. जूनमध्ये ते कदापि हाती घेऊ नये. सोसायटीने मार्चअखेरचे हिशेब आधी पूर्ण करावेत, मगच यंत्राला हात लावावा.

2. बदलापूर्वी सर्व फाइलींच्या दोन प्रती काढाव्यात. एक वेगळ्या साठवणयंत्रावर, आणि दुसरी अन्य जागी, दुसऱ्या घरी किंवा इंटरनेटवरील साठवणीत ठेवावी. प्रत काढली एवढ्यावर थांबू नये. ती दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहावी. उगवणक्षमता तपासल्याशिवाय आपण बियाणे पेरत नाही.

3. संस्थेत दोन संगणक असल्यास आधी एकाचीच प्रणाली बदलावी आणि पंधरा दिवस दोन्ही चालवून पाहावेत. नवा वाण आपण प्रथम एका खाचरातच घेतो.

4. प्रणाली बदलताच पहिल्या बैठकीत पुढील सात कामे स्वतःच्या हाताने करून पाहावीत : संगणक रीतसर चालू व बंद करणे, मराठीत एक अर्ज लिहिणे, तो नाव व तारीख घालून जतन करणे आणि पुन्हा शोधून काढणे, त्याची पेन ड्राइव्हवर प्रत घेणे, छपाई करणे, संकेतस्थळावरून सातबारा उतरवून घेणे, कागदाचे छायाचित्र योग्य आकारात अर्जास जोडणे. ही सात कामे जमली की ग्रामीण भागातील नित्याची बहुतेक कामे जमली असे समजावे.

5. एखादी खूण सापडेनाशी झाली, तर घाबरून सर्वत्र दाबत सुटू नये. प्रणालीत शोधण्याची चौकट असते. तीत कामाचे नाव लिहावे. 'प्रिंटर' किंवा 'छपाई' असे लिहिले की संबंधित जागा बहुधा पुढे येते. खुणेची जागा लक्षात ठेवण्यापेक्षा शोधण्याची ही युक्ती लक्षात ठेवणे सोपे आहे.

6. नव्या प्रणालीच्या नावाखाली फसवणूक होते, ह्याचे भान ठेवावे. 'तुमची प्रणाली जुनी झाली आहे, ही फाइल घ्या' असे सांगणारे फोन व संदेश खोटे असतात. पी.एम. किसान योजनेच्या नावाने व्हॉट्सॲपवर येणाऱ्या एपीके फाइली उघडू नयेत. ॲप नेहमी अधिकृत ठिकाणाहूनच घ्यावे. ओटीपी कोणालाही सांगू नये. फसवणूक झाल्याचे ध्यानात येताच 1930 ह्या क्रमांकावर तत्काळ कळवावे.

गावाने काय करावे?

हे सर्व एकट्या शेतकऱ्याने करावे अशी अपेक्षा ठेवणे योग्य होणार नाही. प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणासाठी केंद्र सरकारने 29 जून 2022 रोजी 2,516 कोटी रुपयांची योजना मंजूर केली असून, देशातील सुमारे 63,000 संस्था एकाच प्रकारच्या कार्यक्रमावर आणण्याचा तिचा उद्देश होता. अशा बदलात सचिवास प्रशिक्षण मिळते. परंतु सभासदांनाही आपला खातेउतारा नव्या स्वरूपात कसा वाचावा हे कळले पाहिजे. नाही तर संगणक नवा होतो आणि सभासद मात्र पूर्वीप्रमाणेच दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहत राहतो.

वराळ्यासारख्या गावात ह्यावर सोपा उपाय आहे. महाविद्यालयातील मुलामुलींनी महिन्यातून एक सायंकाळ ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या खोलीत द्यावी. मात्र त्यांनी एक पथ्य पाळावे : माउस स्वतःच्या हाती घेऊ नये. तरुण माणूस चटकन काम करून देतो, आणि शिकणाऱ्याला वाटते की आपल्याला ते आले. नांगर धरल्याशिवाय नांगरट येत नाही. शिकणाऱ्याच्या हाताला वेळ लागेल तेवढा लागू द्यावा. बचत गटांतील भगिनींचे हिशेब, दुधाच्या नोंदी, भाताच्या विक्रीची पत्रे असे त्यांचे रोजचेच काम सरावासाठी घ्यावे. कृत्रिम धडे नकोत.

बदल घडवून आणणाऱ्यांवरही एक जबाबदारी आहे, हे एक कृषी अधिकारी ह्या नात्याने नमूद करणे मी आपले कर्तव्य समजतो. एखादे ॲप किंवा अर्जाची पद्धत बदलावयाची असेल, तर ती हंगामाच्या ऐन मध्यावर न बदलता आधी बदलावी, बदल मराठीत स्पष्ट करावा, आणि जुनी पद्धत काही काळ सोबत चालू ठेवावी. शेतकऱ्याचा एक दिवस वाया जातो तेव्हा तो केवळ त्याचा वैयक्तिक दिवस नसतो; त्या दिवशी शेतावर लावलेले मजूर, आलेला पाऊस आणि वाफ्यातील वाढलेले रोप ही कोणीच थांबत नाहीत.

बैठकीनंतर वराळ्याच्या त्या बाबांनी वहीचे कोरे पान काढले. नातू शेजारी बसला होता. ह्या वेळी माउस बाबांच्या हातात होता. 'खाली डाव्या कोपऱ्यात' ह्याऐवजी त्यांनी लिहिले : 'शोधचौकटीत कामाचे नाव लिहिणे. संकेतस्थळाचा पत्ता नीट वाचणे. गाव व गट क्रमांक घालणे. उतारा जतन करणे, तारीख घालणे. एक प्रत छापून पेटीत ठेवणे.' त्यानंतर थोडा वेळ लागला, एकदा चूकही झाली. परंतु सातबारा निघाला. पुढची प्रणाली येईल तेव्हा त्या पानातील फारच थोडे शब्द खोडावे लागतील.

प्रत्येक शेतकरी कुटुंबाने व प्रत्येक संस्थेने अशी एक वही घालावी, आणि मृगापूर्वी अवजारांबरोबर तीही एकदा उघडून पाहावी. एवढे केले तरी प्रणाली बदलल्यामुळे अडणारी पुष्कळशी कामे वेळेवर पार पडतील.